मणका ‘बसवून’ घेण्याआधी : कायरोप्रॅक्टिकविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबर किंवा मान दुखते म्हणून आलेला माणूस हल्ली आधी मोबाइल पुढे करतो. स्क्रीनवर कुणीतरी कुणाची तरी मान झटक्यात फिरवतोय, मोठा आवाज येतोय आणि रुग्ण हसत उठून बसतोय. ‘माझं बी असंच करून द्या, डॉक्टर. कंबर लई दुखूलाली.’ आम्ही फिजिओथेरपिस्ट, कायरोप्रॅक्टर नाही. पण हाताने मणक्याचे सांधे मोकळे करणं आमच्याही अभ्यासात असतं आणि मराठवाड्यात कायरोप्रॅक्टर शोधून सापडणं अवघड, म्हणून हे प्रश्न आमच्याच टेबलावर येतात. लातूर, बीड, धाराशिव, परभणीकडच्या रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत आलेल्यांनी विचारलेले प्रश्न शक्य तितके त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे नेमकं काय?

मणक्याच्या आणि इतर सांध्यांवर हाताने उपचार करण्याची ही पद्धत अमेरिकेतून आली. सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथे एक छोटा, वेगवान दाब द्यायचा, हे तिचं मुख्य तंत्र. सोबत मालिश, ताण देणं, व्यायाम हेही असतं. डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसाने १८९५ मध्ये आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात याची सुरुवात केली. त्याआधी तो चुंबकीय उपचार करायचा. त्याचा पहिला रुग्ण हार्वे लिलार्ड हा त्याच इमारतीतला सफाई कामगार. त्याला ऐकू कमी यायचं आणि पाठीवर दाब दिल्यावर ऐकू येऊ लागलं, असं पामरने सांगितलं. पुढे तर ९५ टक्के आजार मणके जागचे हलल्यामुळेच होतात, इथपर्यंत त्याची मजल गेली. परवाना नसताना उपचार केले म्हणून १९०६ मध्ये त्याला तुरुंगातही जावं लागलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की आजही या पद्धतीत दोन प्रवाह दिसतात. एक कंबर-मानदुखीपुरतं काम करतो आणि पुराव्याला धरून चालतो. दुसरा अजूनही पामरच्याच वाटेने जातो आणि मणका सरळ केला की शुगर, बीपी, दमा, पाळीची तक्रार सगळं जाईल असं सांगतो. पहिल्याशी बोलायला हरकत नाही. दुसऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

हाडवैद्य, मालिशवाले, फिजिओ, ऑर्थो आणि कायरोप्रॅक्टर, यांत फरक काय?

ऑर्थोपेडिक सर्जन हे एमबीबीएसनंतर हाडांचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान, औषधं, ऑपरेशन हे त्यांचं क्षेत्र. फिजिओथेरपिस्ट पदवीच्या अभ्यासात स्नायू, सांधे, नसा आणि हालचाल शिकतो. व्यायाम, मशीन आणि हाताची तंत्रं ही त्याची साधनं. कायरोप्रॅक्टरचा भर मणक्यावर हाताने दाब देण्यावर असतो. अमेरिकेत त्यासाठी वेगळी पदवी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत या प्रशिक्षणाचे किमान ४,२०० तास धरले आहेत.

हाडवैद्य आणि मालिशवाल्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब असतं, ते नाकारायचं कारण नाही. पण नुसता लचकलेला माणूस कोणता आणि मणक्याचा टीबी झालेला कोणता, हे वेगळं काढायचं साधन त्यांच्याकडे नसतं. धोका तिथे होतो.

आपल्याकडे याला मान्यता आहे का? कुणाकडे जावं?

कायरोप्रॅक्टिकसाठी भारतात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही आणि आयुषमध्येही ही पद्धत येत नाही. म्हणजे उद्या कुणीही पाटी लावली तर ‘तुमचा नोंदणी क्रमांक दाखवा’ म्हणायला सरकारी यादीच नाही. परदेशातून रीतसर पदवी घेऊन आलेले कायरोप्रॅक्टर आहेत, पण थोडे आणि बहुतेक मोठ्या शहरांत.

मग आपल्या भागात काय करावं? महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. हाताच्या उपचारांचं पुढचं प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट हा त्यातल्या त्यात सुरक्षित रस्ता. मूळ पदवी कोणती आणि नोंदणी कुठे, हे सरळ तोंडावर विचारा. त्यात लाजायचं काही नाही. आपण बैल घेतानाही दात बघतोच. उत्तरात फक्त दोन-चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र निघालं, तर मान त्याच्या हातात देऊ नका.

तो ‘कट्ट’ आवाज कशाचा? हाड बसल्याचा का?

नाही. सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा पटकन ओढला गेला की आतला दाब एकदम उतरतो, पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये बोटं मोडताना चालू एमआरआयमध्ये ही पोकळी तयार होताना टिपली गेली. एकदा आवाज झाला की तोच सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. घरी बोटं मोडून बघा, हाच अनुभव येईल.

आवाज आला म्हणजे गुण आला असं नसतं आणि नाही आला म्हणजे उपचार वाया गेला असंही नाही. रीलमध्ये मात्र आवाज हाच हिरो. काही जण तर माइक लावून तो मोठा करतात.

बोटं मोडून संधिवात होतो का, हा याच्याच जोडीचा प्रश्न. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरने साठहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल इग नोबेल हा गमतीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा आजीने रागावून हातावर मारलं असेल, तर तो मार फुकट गेला म्हणायचा.

माझी गादी सरकलीय. ती हाताने दाबून आत बसते का?

बसत नाही. गादी सुटी नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. होतं असं की तिचं बाहेरचं कडं कमजोर पडतं आणि आतला मऊ भाग एका बाजूने फुगतो किंवा बाहेर येतो. तो शेजारच्या नसेला लागला की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी थेट अंगठ्यापर्यंत कळ जाते. यालाच आपण सायटिका म्हणतो. बाहेर आलेला हा भाग बोटाने आत ढकलता येत नाही. ‘मी गादी बसवली’ म्हणणारा एकतर खोटं बोलतोय किंवा त्याला स्वतःलाच माहीत नाही.

दिलासा देणारी गोष्ट वेगळीच आहे. बाहेर आलेला भाग बहुतेकांत काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं. पायात जाणारी कळ बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत उतरते. त्या काळात दुखणं कमी ठेवणं, माणसाला चालतं-फिरतं ठेवणं आणि पायाची ताकद जात नाही ना यावर लक्ष ठेवणं, एवढं आमचं काम. उपचार चालू असताना गुण आला की श्रेय उपचाराला मिळतं. आम्हालाही मिळतं आणि आम्ही ते घेतो, पण खरं काय ते सांगितलेलं बरं.

एमआरआयमध्ये दोन-तीन ठिकाणी गॅप आणि नस दबलेली दाखवलीय. ऑपरेशनच लागणार ना?

रिपोर्ट वाचून घाबरलेले लोक दुखण्याने घाबरलेल्यांपेक्षा जास्त येतात. ज्यांना पाठीचा काडीचाही त्रास नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये निघाला, एकूण ३,११० लोकांचा. गाद्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे केस पिकावेत तशा गाद्याही वयाने बदलतात. रिपोर्टमधल्या ओळीचा तुमच्या दुखण्याशी संबंध आहे का, ते तपासणीच्या टेबलावर कळतं. पाय कितीपर्यंत उचलता येतो, टाचेवर आणि चवड्यावर चालता येतं का, गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका येतो का, स्पर्श कुठे कमी लागतो, हे बघितल्याशिवाय नुसती फिल्म उजेडात धरून सांगणाऱ्यावर विसंबू नका. ऑपरेशन लागतंही. पायाची ताकद झपाट्याने जात असेल, किंवा चांगले उपचार करूनही पायातली कळ महिनोन्‌महिने सोडत नसेल, तर न्यूरो किंवा ऑर्थोच्या सर्जनला दाखवायलाच हवं.

पण याने खरंच फरक पडतो का?

कंबरदुखीत पडतो, पण मोजका. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करायच्या उपायांत शेक आणि मालिशसोबत मणक्यावरचा हातउपचारही ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यातही व्यायाम आणि रुग्णाला समजावून सांगणं यांच्या बरोबरीने तो आहे. पण अभ्यासांत त्याचा फायदा चांगल्या व्यायामाइतकाच दिसतो, त्याहून फार वरचढ नाही.

आमचा अनुभव याच्याशी जुळतो. हाताच्या उपचाराने दुखणं चार दिवस हलकं होतं, माणसाची भीती जाते, वाकायला धीर येतो. त्या चार दिवसांत व्यायाम सुरू झाला तर गाडी पुढे जाते. नाही झाला, तर पंधरवड्याने तोच माणूस, तीच कंबर.

आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घेतात. तेही हेच का?

हा प्रश्न एका आजींनी विचारला होता आणि तो चांगला आहे. जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत गावोगावी आहे. उसण म्हणजे बहुतेक वेळा स्नायूचा आखडा किंवा मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यात बसलेली चमक. ती बहुतेकांची चार-आठ दिवसांत आपोआप सुटते. त्यामुळे पायाळूलाही यश येतं आणि गोळीलाही. हलका पाय लावून घेण्यावर आम्ही वाद घालत नाही. जोरात लाथ मात्र नको, आणि पासष्टीच्या पुढच्या माणसाला तर अजिबात नको.

उसण भरली तर पहिल्या दिवशी गरम पाण्याची पिशवी, पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर टेकवणं, आणि अंथरुणात पडून न राहता घरातल्या घरात थोडं थोडं चालणं, एवढं पुरतं. आठ-आठ दिवस सक्त विश्रांती ही जुनी पद्धत झाली, तिने कंबर आणखी जड होते.

कुणी हा उपचार करून घेऊ नये?

या पानावरचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढा भाग लक्षात ठेवा.

आधी तातडीचं. लघवी अडली किंवा कळत नाही, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पायांत जोर राहिला नाही, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. संभाजीनगरला घाटी, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, तसंच लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, जे जवळ असेल ते. इथे तासांचा हिशेब असतो. फिजिओकडे, हाडवैद्याकडे, कुणाकडेच थांबायचं नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, हेसुद्धा लगेच दाखवायचं लक्षण. पंजा उचलणारी नस कमजोर पडतेय असा त्याचा अर्थ असू शकतो.

मग टीबी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं, रात्री झोपेतही न थांबणारी पाठदुखी, पाठीत एका जागी आलेला उंचवटा. असं असेल तर मणक्याचा टीबी नाही ना हे आधी बघावं लागतं. कीड लागलेल्या मणक्यावर झटका दिला तर तो दबून माणूस लुळा पडू शकतो. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार बरा होतो.

जनावरं सांभाळणाऱ्यांनी आणखी एक सांगावं. गाभ टाकलेल्या गाई-म्हशीची वार उघड्या हाताने काढली असेल, धारोष्ण दूध पिण्याची सवय असेल आणि येऊन-जाऊन ताप, घाम, कंबरदुखी असेल, तर ब्रुसेलोसिस असू शकतो. तो जंतू कंबरेच्या सांध्यात आणि मणक्यात बसतो. रक्ताच्या तपासणीत सापडतो, पण त्यासाठी कुणाच्या तरी तो डोक्यात यावा लागतो. म्हणून ‘घरी जनावरं किती?’ हा प्रश्न आम्ही विचारतो, तेव्हा तो गप्पांचा नसतो.

आणि ठिसूळ हाडं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या कमी वयात काढल्या जाण्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारने चौकशी समितीही नेमली. हा विषय मणक्याशी जोडला जात नाही, पण तो जोडलेला आहे. पिशवीसोबत बीजांडकोशही काढले असतील तर पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं आणि हाडांची झीज तिथून सुरू होते. पस्तिशीतली बाई आमच्या समोर बसलेली असते आणि तिची हाडं मात्र कितीतरी म्हातारी असू शकतात. ‘मावशी, पिशवीचं ऑपरेशन झालंय का? कधी? दोन्ही बाजूच्या गाठी, म्हणजे बीजांडकोश, काढल्या का?’ हे विचारल्याशिवाय तिच्या पाठीवर जोराचा हात टाकणं चूक आहे. बहुतेकींना काय काय काढलं ते सांगितलेलंच नसतं. डिस्चार्जचा कागद जपून ठेवला असेल तर घेऊन या. नसेल तर आम्ही हाडं कमजोर आहेत असं धरूनच चालतो.

‘गुण येणारी पुडी’ हाही हाडांचाच शत्रू. काही पुड्यांत आणि सुयांत स्टेरॉइड असतं. दुखणं दोन दिवसांत गायब होतं, म्हणून माणूस वर्षानुवर्षं घेत राहतो आणि हाडं आतून पोकळ होतात. अशा माणसाच्या पाठीवर नुसता जोराचा दाब पडला तरी मणका दबू शकतो.

याशिवाय कॅन्सर झालेला असेल, नुकताच अपघात किंवा झाडावरून पडणं झालं असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, आमवात असेल, सकाळी तासभर पाठ लाकडासारखी राहणारा तरुण मुलगा असेल, तर आधी तपासणी. उन्हाळ्यात एका बाजूची कंबर धरून, जागेवर न बसता तडफडत आलेल्या माणसाचा बऱ्याचदा मुतखडा निघतो. त्याचा मणका मोडून काहीच साधत नाही.

मान मोडून घेणं धोक्याचं आहे का?

कंबरेपेक्षा जास्त. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर जातात आणि कवटीखाली वळण घेतात. मान झटक्यात फिरवताना त्यांचं अस्तर फाटलं, तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये याविषयी निवेदन काढलं, त्यात मान मोडून घेण्याआधी रुग्णाला हा धोका सांगावा असं म्हटलं आहे. गुंता असा की रक्तवाहिनी आधीच फाटलेली असेल तर पहिलं लक्षण मानदुखी हेच असतं, आणि माणूस नेमका त्यासाठीच मान मोडून घ्यायला येतो.

मान किंवा डोकं कधी नव्हे इतकं अचानक दुखू लागलं, चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, तोल जाणं, यातलं काही असेल तर मानेला कुणालाही हात लावू देऊ नका. १०८ ला फोन करा. उपचारानंतर असं काही झालं तरी हेच करायचं.

आम्ही मानेच्या वरच्या भागाला झटका देतच नाही. हळुवार हालचाल आणि व्यायामाने बहुतेकांचं काम होतं. मग सवंग आवाजासाठी एवढी जोखीम का घ्यावी? टॉवेल किंवा पट्टा हनुवटीखाली अडकवून डोकं ओढण्याचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे.

कटिंगनंतर सलूनमध्ये मान मोडतात, ते?

नको म्हणा. डोक्याची मालिश घ्या, खुशाल घ्या. मान फिरवायला लागला की त्याचा हात धरा. २०१७ मध्ये दिल्लीत सलूनमध्ये मान मोडून घेतलेल्या एका माणसाच्या श्वासपटलाच्या नसा निकामी झाल्या होत्या, ती बातमी बऱ्याच वर्तमानपत्रांत आली होती.

उपचार करताना दुखतं का? नंतर किती दिवस?

करताना दाब जाणवतो, कळ सहसा नसते. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं, थकवा, हलकं डोकं दुखणं बऱ्याच जणांना होतं आणि जातं. दोन दिवसांनंतरही वाढतच असेल, किंवा पायात नव्याने मुंग्या आल्या, तर फोन करून वाट बघू नका, दाखवायला या.

उपचार झाल्यावर अर्धा तास बसून चहा घ्या. लगेच मोटारसायकलवर खड्ड्यांतून साठ किलोमीटर गेलात तर आम्ही केलेलं रस्ता उतरवून घेतो. एसटीने जाणार असाल तर मागची सीट टाळा, मधल्या भागात बसा.

किती सिटिंग लागतील? चोवीस सिटिंगचं पॅकेज घेऊ का?

पॅकेज घेऊ नका. पहिल्या चार ते सहा वेळांत झोप, चालणं, वाकणं यात फरक दिसायला हवा. नाही दिसला तर उपचार बदलायचा, नुसत्या वेळा वाढवायच्या नाहीत. ‘दर महिन्याला मणका सरळ करून घ्यावा लागतो, नाहीतर परत वाकडा होतो’ असं कुणी म्हणालं तर ते त्याच्या हप्त्यांचं गणित आहे. चांगल्या उपचारात तुमचं येणं कमी कमी होत जातं.

दरवेळी एक्स-रे काढावा लागतो का?

नाही. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं, मार लागणं किंवा ठिसूळ हाडांची शंका असेल तर काढायचा. मणका किती अंश वाकडा ते दाखवायला दर महिन्याला काढलेला एक्स-रे म्हणजे अंगावर उगाच किरणं आणि खिशाला भोक.

शुगर, बीपी, दमा, मूल न होणं, यावर चालतं का?

नाही. गोळ्या बंद करू नका.

गरोदर बाईला आणि बाळाला?

गरोदरपणातल्या कंबरदुखीसाठी कुशीवर झोपवून हळुवार तंत्र, श्वासाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम चालतात, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून. पोटावर झोपवून दाब नाही. तान्ह्या बाळाची मान किंवा मणका मोडायचा नाही, रडतं म्हणून नाही, पोटात गॅस आहे म्हणून नाही. तेल लावणाऱ्या मावशींची अंघोळ-मालिश चालू द्या, फक्त बाळाला पाय धरून उलटं लटकवणं आणि मान ओढणं बंद करायला सांगा.

आम्ही ऊसतोडीला जातो. कारखान्यावर निघण्याआधी कंबर नीट करून द्या.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ही गर्दी असते. ‘ओझं उचलू नका’ असं लिहून द्यायला आम्हाला एक ओळ लागते. पण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, पैसे टनावर मिळतात आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकाची कंबर गेली की अर्धा कोयता नाही, पूर्ण कोयताच बसतो. त्यामुळे ज्या गोष्टी फडात करता येतील तेवढ्याच आम्ही सांगतो.

तोडताना कमरेतून वाकून बुडख्याला कोयता मारण्याऐवजी एक पाय पुढे टाकून गुडघ्यात दुमडा, दर थोड्या वेळाने पाय बदला. मोळी बांधून झाली की ती जमिनीवरून एकट्याने झटक्यात डोक्यावर घेऊ नका. दोघांनी मिळून उचलायची, तिसऱ्याने खाली शिरायचं. सगळ्यात जास्त इजा होते ती ट्रॉली भरताना, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढताना. पहाटेच्या दवाने फळी ओली असते, पायात झिजलेली चप्पल असते. फळीवर पोतं बांधा, एवढ्यानेही घसरणं कमी होतं. मोळी टाकताना कंबरेतून पिळू नका, पावलं फिरवा. रात्री कोपीत (झोपडीत) झोपण्याआधी पाच मिनिटं पालथं पडून कोपरांवर छाती उचला. ज्यांची कळ त्याने पायातून कंबरेकडे सरकते त्यांना हा व्यायाम मानवतो. ज्यांची पायात खाली उतरते त्यांनी तो थांबवावा.

कापूस वेचणाऱ्या आणि सोयाबीन काढणाऱ्या बायकांनाही हेच लागू. ओटीत कापूस पोटापाशी साठवत दिवसभर वाकण्यापेक्षा ओटी लवकर रिकामी करणं कंबरेला बरं पडतं.

बाबांना चालताना पाय भरून येतात, खाली बसलं की बरं वाटतं. मणका मोडून घेतला तर ते जाईल का?

हे वयाने मणक्याची नळी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. असे आजोबा सायकल ढकलत, हँडलवर झुकून मैलभर जातात, पण ताठ उभे राहून देवळाच्या रांगेत दहा मिनिटं टिकत नाहीत. यांना मागे वाकवणारे व्यायाम, भुजंगासनसुद्धा, बहुतेक वेळा सोसत नाहीत. गुडघे छातीशी घेणं, स्थिर सायकल, काठी घेऊन थोडं पुढे झुकून चालणं सोसतं. झटका द्यायचा नाही. पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तरी असंच होतं, म्हणून तंबाखू खाणाऱ्या आणि शुगर असणाऱ्या आजोबांच्या पायाची नाडी तपासून घ्या.

मुलगा लातूरला नीटची तयारी करतोय, मान धरते म्हणतो.

कॉटवर मांडी घालून, पुस्तक मांडीवर, दिवसातले दहा-बारा तास. मान धरणारच. मोडून घेऊन दोन तास हलकं वाटेल. पुस्तक डोळ्यांच्या पातळीच्या जवळ येईल असा उतरता स्टँड, दर चाळीस मिनिटांनी उठून पाणी, खांदे मागे ओढण्याचा व्यायाम आणि सात तास झोप, यांनी जास्त फरक पडेल. परीक्षा जवळ आली की मानदुखी वाढते, हे आम्ही दरवर्षी बघतो. त्या मुलाशी एकदा मार्कांचा विषय न काढता फोनवर बोला.

कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन टांगून कंबर ओढणं)?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या त्याच मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी पट्टा आणि ट्रॅक्शन दोन्ही नकोत असं म्हटलं आहे. दोन-चार दिवस, प्रवासात किंवा जड कामापुरता पट्टा बांधला तर बिघडत नाही. महिनोन्‌महिने बांधून झोपणाऱ्यांची कंबर पट्ट्यावरच अवलंबून राहायला लागते. घरात ट्रॅक्शनचं वजन टांगून ठेवलं असेल तर ते आता इतर कामाला वापरा.

सरकारी योजनेत बसतं का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही दवाखान्यात भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. ओपीडीतल्या सिटिंग त्यात धरू नका. खासगी विम्याचंही आधी विचारून घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतो आणि खर्च अगदी कमी येतो. रांग लागते, पण तपासणीही एकाच छताखाली होते.

पहिल्या भेटीला काय आणावं?

जुने एक्स-रे, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, ऑपरेशनचे कागद. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट, नाव नसलेल्या पुड्यासुद्धा. सैल कपडे. बायकांनी सोबत घरची बाई आणली तर त्यांना मोकळं वाटतं. तपासणीला बाई थेरपिस्ट हवी असेल तर नंबर लावतानाच सांगा, तशी सोय करतो. एमआरआयची फिल्म घडी घालून पिशवीत कोंबू नका, गुंडाळून आणा. घडीच्या रेघेखाली नेमका दुखरा मणका येतो.